पोकळ वासा

माझ्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून एक लाकडाचा तुकडा ठेवलेला असतो. वीतभर लांबीचा, आंब्याच्या फळीचा. वरून पाहिलात तर धड दिसतो. अंगावर टाचणीने टोचल्यासारखी सहा-सात भोकं आहेत, पण ती मुद्दाम दाखवल्याशिवाय कुणाला दिसत नाहीत. मग तो उलटा करायचा आणि करवतीने कापलेलं टोक बघायचं. आत लाकूड जवळजवळ नाहीच. पेन्सिल जाईल एवढाली बिळं, एकमेकांना न छेदता वळणं घेत गेलेली, आणि प्रत्येक बिळाला आतून चुन्याचा पातळ गिलावा. पाहुणे विचारतात, वाळवी का? वाळवी बिचारी एवढं नीटनेटकं काम करत नाही.

हा तुकडा आमच्या आजोंनी कापला. आजो केरीचे मेस्त. गोव्याच्या पेडणे तालुक्यात तेरेखोल नदी जिथे समुद्राला मिळते तिथलं हे गाव. आजोंच्या हाताखाली रांपणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या, होड्या तयार व्हायच्या, पण तयार होण्यापेक्षा दुरुस्तीलाच जास्त यायच्या. मी पाचवीत असताना एका होडीची तळाची फळी त्यांनी माझ्यासमोर काढली. मालक म्हणत होता, फळी चांगली आहे, दोनच पावसाळे झालेत. आजोंनी काही उत्तर दिलं नाही. हातोडीच्या दांड्याने टकटक केली, कान लावला, आणि करवत घेतली. कापलेला तुकडा मालकाच्या हातात देऊन म्हणाले, "घे, बडा घर पोकळ वासा."

ही म्हण मला त्या दिवशी समजली, आणि तेव्हापासून तो तुकडा माझ्याकडे आहे. पुढे मी शाळेत विज्ञान शिकवायला लागलो तेव्हा वर्गात तो दरवर्षी फिरवायचो. ही बिळं पाडणारा हा किडा नव्हे, शिंपल्याच्या जातीचा प्राणी, नाव टेरेडो. लांबट मऊ अंग, आणि डोक्याकडे दोन इवल्याशा शिंपा. त्याच त्याच्या कानशी. पिल्लू असताना सुईच्या टोकाएवढ्या भोकातून आत शिरतो, आत वाढतो, आणि पुन्हा बाहेर येतच नाही. लाकूड पचवायला लागणारे जिवाणू त्याने स्वतःच्या कल्ल्यांत पाळलेले असतात. मुलं "ई" म्हणायची आणि बिळात पेन्सिल घालून बघायची. पंचवीस वर्षांत त्या तुकड्याला जेवढी भोकं टेरेडोने पाडली तेवढीच पेन्सिलींनी मोठी केली.

आता मुद्द्यावर येतो. गेल्या ऑक्टोबरात लेकीकडे स्टॉकहोमला गेलो होतो. सोबत सोलं, पोहे, आणि लेकीच्या आईने बांधून दिलेलं कितीतरी. तिथे पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी लेक म्हणाली, "बाबा, तुम्हाला वासा दाखवते." मला वाटलं लाकडाचं घर वगैरे असेल. आमच्याकडे वासा म्हणजे छपराचा. तर हे जहाज. स्वीडनच्या राजघराण्याचं नाव वासा, त्यावरून जहाजाचंही. राजा गुस्ताव अडॉल्फ पोलंडशी लढत होता, त्याला बाल्टिक समुद्रावर दरारा बसवायचा होता, म्हणून ६४ तोफांचं हे जहाज बांधलं. १० ऑगस्ट १६२८ रोजी ते निघालं आणि १,३०० मीटर जाऊन बुडालं. बंदरातच, शहर काठावर उभं राहून बघत असताना. वाऱ्याची एक झुळूक आली, जहाज कललं, तोफांसाठी उघडलेल्या खालच्या खिडक्यांतून पाणी आत शिरलं, झालं. सुमारे ३० माणसं गेली. घर फिरलं की वासे फिरतात ही एक म्हण. इथे वासाच आधी फिरला.

मी त्या संग्रहालयात शिरलो आणि थांबलो. काळोखाला डोळे सरावायला वेळ लागतो. मग समोर ६९ मीटर लांबीचं अख्खं लाकडी जहाज उभं राहतं. प्रतिकृती नव्हे. ९८ टक्के मूळचं लाकूड. ओकाच्या फळ्या काळ्याभोर, मागच्या बाजूला सिंह, राजे, देवदूत, राक्षस असे शेकडो कोरलेले पुतळे. लेक काहीतरी सांगत होती, माझं लक्ष नव्हतं. मी फळ्यांवर टाचणीची भोकं शोधत होतो. ३३३ वर्षं समुद्रात राहिलेलं लाकूड, आणि एक भोक नाही! आजो असते तर त्यांनी आधी हातोडीचा दांडा मागितला असता. तिथे हात लावू देत नाहीत, दांडा तर दूरच.

भोकं का नाहीत हे मला माहीत होतं, आणि माहीत असूनही पटत नव्हतं. बाल्टिक समुद्राला मीठच कमी. नद्यांचं पाणी भरपूर, वाफ कमी, आणि बाहेरच्या समुद्राशी जोडणारी वाट चिंचोळी. स्टॉकहोमच्या बाजूला हजार भाग पाण्यात मीठ ५-६ भाग; आपल्या अरबी समुद्रात ३५-३६. टेरेडोला एवढ्या अळणी पाण्यात जगता येत नाही. आजोंना हे आकडे ठाऊक नव्हते, पण हिशेब ठाऊक होता. मृगाच्या आधी होडी वर ओढून घ्यायची, नाहीतर नदीत आत, गोड पाण्याला नेऊन बांधायची. पावसात नदीचं पाणी गोडं झालं की आतला किडा मरतो, असं ते सांगायचे. बाकीच्या दिवसांत होडी उपडी करून खालून चुडतांचा, म्हणजे माडाच्या सुक्या झावळ्यांचा, जाळ फिरवायचा, मग काजूच्या टरफलांचं तेल. ते तेल हाताला लागलं की कातडी सोलून निघते. आजोंच्या तळहातांवर कायम काळे डाग असायचे आणि आजी ताटात भाकरी वाढताना त्यावरून रोज बोलायची.

वासा सापडली कशी, ती गोष्ट मला जहाजापेक्षाही आवडली. (लेक "ती वासा" म्हणते, जहाज आहे म्हणून. मला वासा पुल्लिंगीच वाटतो, पण आता तिच्या घरात तिचं चालायचं.) आंदेर्स फ्रान्सेन नावाचा गृहस्थ. इंधनाच्या क्षेत्रातला अभियंता, इतिहासाचा नाद हौसेचा. त्याने स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्यावर, जिथे पाणी खारं आहे, टेरेडोने पोखरलेलं लाकूड पाहिलं होतं. आपल्या बाजूच्या समुद्रात असं लाकूड कधी दिसलं नाही, हे त्याच्या डोक्यात बसलं. मग तिथे बुडालेली जुनी लढाऊ जहाजं धड असायला हवीत की! एवढ्या एका तर्कावर तो कामाला लागला. जुने कागद चाळले, लहान बोटीतून बंदराचा तळ गळांनी चाचपत राहिला. बरीच वर्षं हाताला आल्या त्या जुन्या चुली, सायकली आणि गंजलेल्या तारा. बंदराच्या तळाशी एक उंचवटा लागत होता, पण ती गोदी खोदताना टाकलेली दगडमाती असं त्याला सांगण्यात आलं. १९५६ च्या ऑगस्टमध्ये त्याने तिथेच आपलं हत्यार टाकलं. शिशाचं वजन, टोकाला पोकळ नळी. वर ओढलं तर नळीत काळ्या ओकाचा एक गट्टू. ओक एवढा काळा व्हायला पाण्यात शंभराच्या वर वर्षं लागतात.

त्या नळीचा फोटो तिथे मी बराच वेळ पाहिला. फळीत छिद्र पाडून आत काय आहे ते बघायचं, हेच तर आजोही करायचे. फरक एवढाच की आजोंना आत काही नाही हे कळायचं आणि फ्रान्सेनला आत सगळं आहे हे कळलं.

नंतर पेर एद्विन फेल्टिंग हा नौदलाचा पाणबुड्या ३२ मीटर खाली उतरला. खाली गाळ आणि गडद अंधार, दिसत काहीच नाही. त्याने हाताने चाचपलं : लाकडाची भिंत, तिच्यात एक चौकोनी भोक, मग दुसरं. तोफांच्या खिडक्या, दोन रांगा. हाताने वाचलेलं जहाज. पुढची दोन-तीन वर्षं पाणबुड्यांनी जहाजाच्या पोटाखालून सहा बोगदे खणले, डोक्यावर हजार टनांच्या वर लाकूड आणि गाळ असताना, आणि त्या बोगद्यांतून तारदोर ओवले. टप्प्याटप्प्याने उचलत उथळ पाण्यात आणलं. २४ एप्रिल १९६१ रोजी ते वर आलं.

इथे एक तपशील असा की मी लेकीला हाक मारून परत दाखवला. जहाजातले लोखंडी बोल्ट समुद्रात गंजून केव्हाच संपले होते. सांगाडा एकत्र धरून ठेवला होता तो लाकडी खुंट्यांनी. वर काढण्याआधी बोल्टांची रिकामी भोकं पाणबुड्यांना एकेक करून बुजवावी लागली. आमच्या रांपणीच्या होडीलाही खिळा नसतो. फळ्यांना काठाने भोकं पाडून काथ्याच्या दोरीने त्या शिवतात, फटींत काथ्या ठोकतात. खिळा का नाही, असं मी लहानपणी विचारलं तर आजो म्हणायचे, "खिळो दर्याक आवडता." समुद्राला खिळा आवडतो, म्हणून खातो. स्वीडनच्या लोकांनी जहाज वर आणल्यावर त्या भोकांत नवे लोखंडी बोल्ट घातले, तेही गंजायला लागले, म्हणून ते पाच हजारांहून जास्त बोल्ट काढून स्टेनलेस स्टीलचे बसवावे लागले. आजोंना विचारलं असतं तर... असो.

बुडालं का, याचीही चौकशी झाली होती. शिक्षा कुणालाच झाली नाही. निघण्याआधी बंदरात चाचणी घेतली होती : तीस खलाशांना डेकवर या बाजूकडून त्या बाजूला पळवलं. तिसऱ्या खेपेला जहाज इतकं हेलकावायला लागलं की दर्यासारंग क्लास फ्लेमिंग याने पळणं थांबवलं. आणि तरीही जहाज समुद्रात सोडलं, कारण राजाची पत्रावर पत्रं येत होती. हे वाचून मी एकटाच हसलो. नवी होडी पाण्यात घातली की आजो आम्हा पोरांना तिच्यात बसवून "आता सगळी ह्या बाजूक" असं ओरडायचे. आम्ही आरडत-ओरडत एका अंगाला जायचो, होडी उलांडीवर रेलायची. उलांडी म्हणजे होडीला बाजूला बांधलेला तो आडवा ओंडका. तिने तोल धरला तर होडी मालकाच्या ताब्यात जायची, नाहीतर परत वर. मालकाला सणासाठी घाई असली तरी. राजे मात्र आजोंकडे कधी गिऱ्हाईक म्हणून आले नाहीत, हेही खरं.

जहाजाखालच्या मजल्यावर बुडालेल्या माणसांचे सांगाडे ठेवलेत. त्यांची नावं कुणालाच माहीत नाहीत, म्हणून एकेक अक्षर दिलंय. त्यातल्या 'जी' या सांगाड्याला लोक बरीच वर्षं गुस्ताव म्हणत. २०२३ मध्ये डीएनए तपासणीत कळलं की गुस्ताव ही बाई आहे. पंचवीस-तिशीची, निळ्या डोळ्यांची. युद्धाला निघण्याआधीच्या जवळच्या प्रवासात खलाशांना बायकोला सोबत घ्यायची परवानगी असायची, तशी ती कुणाबरोबर आली असावी असा अंदाज. तिथे मी थोडा वेळ उभा राहिलो. मग माझ्या पाठीमागे एक शाळेची सहल आली आणि त्यांच्या शिक्षिकेने मुलांना गप्प करण्यासाठी जो हातवारा केला तो तंतोतंत माझाच होता.

अळणी समुद्र लाकूड राखतो, पण बाहेर काढलं की ते वाळून तडकतं. म्हणून वासावर पॉलिएथिलीन ग्लायकॉल नावाचं मेणासारखं रसायन १७ वर्षं फवारत होते. सतरा वर्षं! १९६२ ला सुरू, १९७९ ला बंद. आणि तरी दुखणं संपलं नाहीच. शहराचं सांडपाणी शतकानुशतकं त्या बंदरात जात होतं, त्यातून लाकडात गंधक मुरला. २००० सालच्या पावसाळी उन्हाळ्यात बघायला इतकी माणसं आली, भिजलेले कोट घालून, की आतली हवा दमट झाली आणि लाकडावर आम्लाचे डाग फुटले. मग हवा कोरडी ठेवायची नवी यंत्रणा बसवली. तेव्हा पोकळ वासा हा फक्त टेरेडोच करतो असं नाही, कोटही करतात.

दोन दिवसांनी बोटीने स्टॉकहोमजवळच्या वॅक्सहोमला गेलो. इथल्या बेटाजवळ २०२१ च्या डिसेंबरात पाणबुड्यांना वासाचंच जोड जहाज सापडलं, एप्लेट. त्याचा ओक १६२७ मध्ये तोडलेला, वासाचा जिथला तिथलाच. लाकडातल्या वर्षांच्या कड्या मोजून हे ठरवलं. बांधणाऱ्याने वासाच्या अनुभवावरून याला रुंद केलं, ते तरलं, आणि तीस वर्षं वापरून १६५९ मध्ये शत्रूची वाट अडवायला मुद्दाम बुडवलं. म्हणजे नीट बांधलेलं जहाज कुणाला ठाऊक नाही आणि बुडालेलं जगप्रसिद्ध. बघण्यासारखं तिथे वर काहीच नाही, करडं पाणी आणि गड. मी धक्क्यावरून वाकून बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. पेजेत मीठ घालायला विसरल्यासारखी चव. लेक म्हणाली, "बाबा, लोक बघतायत."

उत्तरेकडच्या थंड पाण्यात अशी जहाजं अजूनही निघतातच. नॉर्वेजवळ कार्ल्सरूहे ही जर्मन युद्धनौका ९ एप्रिल १९४० ला बुडाली. ती जवळजवळ ४९० मीटर खोल तळावर सरळ उभी आहे हे २०२० मध्ये जाहीर झालं, आणि तिच्यापासून काही मीटरवरून १९७७ पासून विजेची केबल जात होती! लोखंडी जहाजांत माझं मन फारसं रमत नाही. पण कॅनडाच्या वरच्या टोकाला सापडलेल्या टेरर या ब्रिटिश जहाजाची गोष्ट सांगायलाच हवी. सर जॉन फ्रँकलिनची मोहीम १८४५ मध्ये निघाली, एरेबस आणि टेरर ही दोन जहाजं बर्फात अडकली, १२९ माणसांतलं कुणीही परतलं नाही. इन्युइट लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत होते की जहाजं इकडे आहेत, तिकडे आहेत. शोधणारे यंत्रं घेऊन भलतीकडेच फिरत. २०१४ मध्ये एरेबस मिळालं. २०१६ मध्ये सॅमी कोगविक नावाच्या इन्युइट माणसाने मोहिमेच्या बोटीवर सहज सांगितलं की काही वर्षांपूर्वी मासेमारीला जाताना बर्फातून वर आलेला एक लाकडी खांब मी पाहिला, फोटोही काढला, पण कॅमेरा हरवला. बोट तिथे वळवली आणि टेरर सापडलं. २०१९ मध्ये कॅमेरा आत सोडला तर फळीवर बश्या जशाच्या तशा मांडलेल्या.

आमच्या रांपणकारांना केरीसमोरच्या समुद्रात जाळं कुठे अडकतं ते तोंडपाठ असतं. तिथे खाली काय आहे, खडक का आणखी काही, हे विचारायला मात्र कुणी येत नाही.

आणि आलं तरी काय मिळणार? एकदा मुलांना घेऊन दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत गेलो होतो, तेव्हापासून मी गोव्याच्या बुडालेल्या जहाजांबद्दल मिळेल ते वाचतो. सुंची रीफवर (रीफ म्हणजे पाण्याखालचा खडक) सतराव्या शतकातल्या पोर्तुगीज जहाजाचं सामान मिळालं : हस्तिदंत, पाणघोड्याचे दात, चिनी भांड्यांचे तुकडे, बंदुकांच्या नळ्या. सेंट जॉर्ज रीफवर १८६५ चा शिक्का असलेली बासेल मिशनची मंगळुरी कौलं. मी वाचलेल्या याद्यांत जहाजाचा सांगाडा कुठे नव्हता. ते कुणी खाल्लं हे सांगायला मला याद्या लागत नाहीत. लोखंडाची गत वेगळी. १८ डिसेंबर १९६१ ला मुरगाव बंदरात अफोंसो द अल्बुकर्क ही पोर्तुगीज युद्धनौका आपल्या नौदलाच्या बेतवा आणि बियास या जहाजांच्या तोफांपुढे टिकली नाही, आणि बांबोळीच्या बाजूला काठाला लागली. ती पुढे भंगारात गेली. आमच्याकडे लाकूड टेरेडो खातो आणि लोखंड भंगारवाला.

परत आल्यावर केरीला गेलो. चुलतभाऊ आजोंच्याच मांडवाखाली बसतो, पण आता फायबरच्या होड्या जोडतो. मी मोबाइलवर वासाचे फोटो दाखवले. त्याने ते मोठे करकरून फळ्यांचे सांधे बघितले, पुतळे बघितलेच नाहीत. खुंट्यांचं सांगितलं तेव्हा मान डोलावली. सतरा वर्षं फवारणी केली हे सांगितलं तेव्हा हातातला ब्रश खाली ठेवला.

"मगे? घातली परत पाण्यात?"

"नाय रे. ठेवलीय तशीच. लोक बघायला येतात."

"मगे काढली कित्याक?"

मी काहीतरी इतिहास, वारसा असं सुरू केलं. तो ऐकत होता, पण भरती चढत होती आणि दोन पोरं नवी होडी ढकलत पाण्याकडे नेत होती. तो उठला, त्यांच्यामागे गेला आणि गुडघाभर पाण्यात उभा राहून ओरडला, "आता सगळी ह्या बाजूक!"